मूल आजारी पडलं, शाळेचं काय करायचं? पहिल्या सकाळपासून पुन्हा वर्गात बसेपर्यंत

आजारपणात शाळा बुडते. त्यात मुलाचा दोष नाही, पालकांचाही नाही. घोळ होतो तो पुढे. जानेवारीत हजेरीची टक्केवारी काढायला बसलं की कळतं, जुलैतल्या नऊ दिवसांचा कागद कुणाकडेच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या पिशवीबरोबर टाकून दिलेली, अर्ज ‘ग्रुपवर सांगितलं होतं की मॅडम’ एवढाच, आणि गणितातला जो धडा तेव्हा झाला तो मुलाला अजून कोरा. मी माध्यमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. दरवर्षी हेच पाहते, म्हणून घरच्यांनी काय करावं ते क्रमाने लिहिते आहे.

पाठवायचं की घरी ठेवायचं?

हा निर्णय सकाळी साडेसहाला, डब्याची पोळी तव्यावर असताना घ्यायचा असतो. साधी सर्दी, शिंका, हलका खोकला असेल आणि मूल खातंपितं, खेळतं असेल तर पाठवा. मराठी शाळेत जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक शेंबड्या नाकाला घरी ठेवलं तर वर्गात फक्त बाक उरतील.

घरी ठेवायचं ते या वेळी: ताप असेल तर, उलट्या-जुलाब असतील तर, अंगावर पुरळ उठलं असून त्याचं कारण माहीत नसेल तर, डोळे लाल होऊन चिपडं येत असतील तर, किंवा मूल नुसतं पडून राहत असेल तर. यात न बसणारं काही असलं तर एकच प्रश्न विचारा. हे मूल पाच-सहा तास बाकावर बसून शिकू शकेल का?

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवायचा आणि मुलाला व्हॅनमध्ये बसवायचं. काही तासांनी औषधाचा असर संपतो, मूल बाकावर डोकं टेकतं, आम्ही फोन लावतो, आणि आई-वडील दोघेही कामावर असतात. मधल्या वेळात शेजारच्या तिघांना प्रसाद मिळालेला असतो. औषध न देता २४ तास ताप आला नाही, तरच दुसऱ्या दिवशी शाळा. जुलाब-उलट्या थांबल्यावर निदान एक दिवस, शक्य असेल तर दोन दिवस थांबा.

कोणत्या आजारात किती दिवस?

डॉक्टर सांगतील ते अंतिम. पण निघताना ‘शाळेत कधी पाठवू?’ हे विचारायचं राहतंच, म्हणून साधारण अंदाज देते.

कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. पुरळ उठल्यापासून किमान पाच दिवस, बहुतेकदा आठवडाभर किंवा थोडं जास्त. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होत असते, त्यामुळे वर्गात आधीच पसरलं असण्याची शक्यता धरून चला आणि शाळेला लगेच कळवा. वर्गात एखाद्या मुलाला कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा एखाद्या बाई गरोदर असतील, तर ही बातमी त्यांच्यासाठी फार महत्त्वाची असते.

गोवर: पुरळ उठल्यापासून चार दिवस तरी घरी. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसंच मालेगाव-भिवंडीत गोवराची साथ आली होती आणि त्यात लहान मुलं दगावली होती. गोवर-कांजिण्यांना ‘देवी आली’, ‘बाया आल्या’ म्हणत डॉक्टरकडे न नेण्याची रीत कित्येक घरांत अजून आहे. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, कुणाचं काही बिघडत नाही. पण डॉक्टरला दाखवाच. एक तर गोवरात न्यूमोनिया होऊ शकतो, आणि दुसरं, घरगुती भाषेत सांगायचं तर कागद तयार होतो.

गालफुगी: सूज दिसल्यापासून पाच दिवस.

डोळे येणं: २०२३च्या जुलैत आळंदी परिसरात शाळकरी मुलांमध्ये डोळ्यांची साथ आली आणि ती बघता बघता राज्यभर पसरली. बहुतेक साथींत हा विषाणूचा आजार असतो, आपोआप बरा होतो. डोळ्यांतून पाणी-चिपडं येणं थांबलं की शाळा. मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नका. आणि काळा चष्मा लावल्याने साथ थांबत नाही. हात धुणं आणि टॉवेल वेगळा ठेवणं याने थांबते.

तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येणारा हात-पाय-तोंडाचा आजार बालवाडी ते दुसरीच्या मुलांत जास्त दिसतो. ताप गेला आणि फोड सुकले की पाठवा. खरूज असेल तर उपचाराचा पहिला हात झाल्यावर दुसऱ्या दिवशी यायला हरकत नसते. डोक्यात उवा झाल्या म्हणून शाळा बुडवण्याची गरजच नाही.

डेंग्यूबद्दल वेगळं सांगायला हवं. डेंग्यू एका मुलाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, मधे डास लागतो. त्यामुळे इतरांच्या भीतीने घरी ठेवण्याचा प्रश्न नाही. पण त्यात ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होऊ शकतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास ताप जातो, घरचे म्हणतात ‘बरा झाला’, आणि नेमके त्याच एक-दोन दिवसांत पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीचा थकवा अशी लक्षणं दिसू शकतात. म्हणून २४ तासांचा वर सांगितलेला नियम इथे लावू नका. डॉक्टरांनी रक्ततपासणी पाहून हो म्हटल्यावरच पाठवा. आणि हा डास दिवसा चावतो. एकाच वर्गात तीन डेंग्यू निघाले तर मुख्याध्यापकांना शाळेच्या टाक्या, गच्चीवरचं साचलेलं पाणी तपासायला सांगा. हे सांगणं आगाऊपणाचं नाही.

शाळेला कळवणं

पहिल्याच दिवशी, शाळा भरण्याआधी, वर्गशिक्षकांना एक मेसेज. वर्गाच्या ग्रुपवर नाही, त्यांच्या नंबरवर. ग्रुपवर टाकलं की त्याखाली सत्तावीस ‘गेट वेल सून’ येतात आणि मूळ निरोप वर निघून जातो. शिवाय मुलाला काय झालंय ते पन्नास घरांना कळायची गरज नाही. मेसेजमध्ये मुलाचं नाव, इयत्ता-तुकडी, काय होतंय आणि अंदाजे किती दिवस, एवढं बस. संसर्गजन्य आजार असेल तर तो शब्द स्पष्ट लिहा. व्हॅनवाल्या काकांनाही कळवा, नाहीतर ते दारात हॉर्न वाजवत थांबतात आणि बाकीच्या मुलांना उशीर होतो.

‘आजचा दिवस हजेरी लावून टाका ना, मॅडम’ असं अधूनमधून कुणीतरी म्हणतंच. ते जमत नाही. कॅटलॉगमधली, म्हणजे वर्गाच्या हजेरीपटातली, उपस्थिती शालेय पोषण आहाराच्या आकड्याशीही जुळावी लागते, आणि खोटी हजेरी लावलेल्या दिवशी मुलाला बाहेर काही झालं तर सगळेच अडचणीत येतात.

अर्ज कसा लिहायचा

मेसेज हा निरोप असतो, अर्ज ही नोंद असते. दोन्ही लागतात. मूल परत येईल त्या दिवशी दप्तरातून अर्ज यावा. एक-दोन दिवसांसाठी शाळेच्या डायरीतलं रजेचं पान पुरतं. तीन दिवसांच्या वर गेलं की स्वतंत्र कागदावर लिहा. नमुना असा:

प्रति,
माननीय वर्गशिक्षिका,
इयत्ता सातवी, तुकडी ‘ब’

विषय : आजारपणामुळे झालेल्या गैरहजेरीबाबत

महोदया,
माझी मुलगी ________ (हजेरी क्रमांक १७) हिला ८ जुलैच्या रात्रीपासून ताप व उलट्यांचा त्रास होत असल्याने ती ९ ते १३ जुलै या काळात शाळेत येऊ शकली नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. त्यांच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. आता ताप नाही. परंतु अशक्तपणा असल्याने आठवडाभर तिला खेळाच्या तासाला धावायला लावू नये, ही विनंती.
कळावे,
पालकाची सही, मोबाइल नंबर, तारीख

‘ती आजारी असल्यामुळे येऊ शकली नाही, तरी कृपया रजा मंजूर करावी’ असे अर्ज आमच्याकडे गठ्ठ्याने येतात. त्यात तारखाच नसतात. वरच्या नमुन्यात सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे: मुलाला आता काय जमणार नाही. आम्ही वाचतो ते. पी.टी.च्या सरांना सांगतो. एखाद्या मुलाला मधेच औषध घ्यायचं असेल, वारंवार पाणी प्यायचं किंवा बाथरूमला जायचं असेल तर तेही इथेच लिहा, म्हणजे मुलाला प्रत्येक तासाला हात वर करून खुलासा द्यावा लागत नाही.

अर्ज देण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढा. शाळेत कागद हरवत नाहीत असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी

दोन-तीन दिवसांच्या तापाला सर्टिफिकेट मागणाऱ्या शाळा आहेत. पण बहुतेक ठिकाणी पालकांचा अर्ज चालतो. आठवड्याच्या वर गैरहजेरी गेली, संसर्गजन्य आजार असला, किंवा मूल नववी ते बारावीत असलं तर चिठ्ठी हवीच. तिच्यावर चार गोष्टी तपासा. मुलाचं शाळेत आहे तेच पूर्ण नाव (घरातलं ‘पिल्लू’ नाही), विश्रांतीच्या ‘पासून-पर्यंत’ तारखा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का. आजार संसर्गजन्य असेल तर ‘शाळेत जाण्यास योग्य’ असंही लिहून घ्या.

हे पहिल्या भेटीतच मागा. महिनाभराने जाऊन ‘मागच्या तारखेचं द्या ना डॉक्टर’ म्हणणं त्यांना अडचणीत टाकतं. खोटं किंवा दिशाभूल करणारं प्रमाणपत्र देणं हा वैद्यकीय आचारसंहितेचा भंग आहे आणि दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद त्यांना ठेवावी लागते. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, दवाखान्यात ठेवलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, हे सगळं एका फाइलला लावा. वर्षाच्या शेवटी या फाइलची किंमत कळते.

टक्केवारीचं गणित

इथे एक मोठा गैरसमज आहे. अर्ज दिला, चिठ्ठी दिली म्हणजे हजेरी लागत नाही. गैरहजेरी ती गैरहजेरीच. कागद फक्त तिचं कारण सिद्ध करतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस ठरलेले आहेत. या वर्गांत टक्केवारी कमी आहे म्हणून मुलाला घालवून देता येत नाही. पण सांगितल्याशिवाय महिनाभर मूल आलंच नाही, तर आपल्या राज्यात त्याची गणना शाळाबाह्य मुलांत होऊ शकते आणि शिक्षक घरी शोधत येतात. ते येतात तेव्हा रागावू नका, त्यांचं ते काम आहे.

खरी कडकाई दहावी-बारावीला. राज्य मंडळ असो की सीबीएसई, ७५ टक्के हजेरी हवी. समजा वर्षात २०० दिवस शाळा भरली, तर ५० दिवस हातात आहेत. वाटतं खूप. त्यातून मामाचं लग्न, गावची जत्रा, परीक्षेआधी ‘घरीच अभ्यास करतो’ म्हणून घेतलेले दिवस वजा करा, आणि मग टायफॉइडचे तीन आठवडे. आजारपणासाठी शिल्लक ठेवायची तर बाकीचं आधीच उधळू नये. एवढं समजलं तरी निम्मे प्रश्न येत नाहीत.

कमी पडलंच तर वैद्यकीय कारणासाठी सवलत मागता येते. राज्य मंडळात हा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. पालकांनी परस्पर मंडळात खेटे घालून उपयोग नाही. सीबीएसईत १ जानेवारीपर्यंतची हजेरी धरतात आणि कागदांसह २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. पण रजा घेतल्या घेतल्या लेखी अर्ज आणि वैद्यकीय कागद शाळेत दिलेले असावेत, हे मंडळाने २०२५मध्ये पुन्हा बजावलं आहे. म्हणून दहावीच्या पालकांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा वर्गशिक्षकांना आकडा विचारावा. फेब्रुवारीत विचारून काही हाती लागत नाही. काही शिष्यवृत्त्यांनाही हजेरीची अट असते, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

बुडालेला अभ्यास

ताप असताना अभ्यास नाही. व्हॉट्सअॅपवर रोज फळ्याचे फोटो मागवून आजारी मुलाच्या उशाशी बसून उतरवून घेणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यातून वह्या पूर्ण होतात, डोक्यात काही जात नाही.

परत आल्यावर सगळ्या वह्या भरायचा हट्टही सोडा. शिक्षकांना विषयवार एकच विचारा: ‘यातलं काय कळलं नाही तर पुढचं अडेल?’ इतिहासाचा एखादा पाठ मूल स्वतः वाचू शकतं. पण गणितात अपूर्णांकांचा भागाकार किंवा समीकरणं सोडवणं राहिलं, विज्ञानात विद्युत परिपथाचा प्रयोग राहिला, इंग्रजी-हिंदीच्या व्याकरणातला एखादा मुद्दा राहिला, तर पुढचा महिना आंधळी कोशिंबीर. तेवढंच आधी भरून काढा. लेखन नंतर झालं तरी चालतं. पानांच्या झेरॉक्स वहीत चिकटवल्या तरी निदान मी तरी काही म्हणत नाही.

शेजारचं मूल सर्वात उत्तम शिक्षक. आम्ही प्रत्येक आजारी मुलाला एक जोडीदार नेमतो: गृहपाठ काय, कोणती चाचणी कधी, हे तो सांगतो आणि परत आल्यावर मधल्या सुट्टीत दोन गणितं करून दाखवतो. तुमच्या शाळेत अशी पद्धत नसेल तर घराजवळचा एक मित्र आधीच ठरवून ठेवा. पहिले दोन दिवस मुलाला शिकवणीलाही पाठवू नका. शाळा, मग शिकवणी, मग राहिलेल्या वह्या, असं केलं की मूल पुन्हा आजारी पडतं.

चाचणी बुडाली असेल तर घाबरू नका. आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम असं बरंच असतं. राहिलेलं नंतर करून घेता येतं, आणि शिक्षक सत्राच्या शेवटची संकलित चाचणीही सहसा मागाहून घेतात. फक्त विचारावं लागतं. आम्ही चाळीस-पन्नास मुलांत तुमचं मूल राहिलंय हे विसरू शकतो.

दर सोमवारी पोट दुखतं तेव्हा

कॅटलॉग उभा वाचला की एक एक दिवस दिसतो, आडवा वाचला की मूल दिसतं. एखाद्याच्या ओळीत सोमवार-सोमवार गैरहजेरी. शनिवारी-रविवारी ठणठणीत, सोमवारी सकाळी पोटात कळ, अकरा वाजता बरं. हे ढोंग नसतं. पोट खरंच दुखतं. आधी डॉक्टरांना दाखवून जंत, बद्धकोष्ठ, आणि इतर कारणं तपासून घ्या. काही निघालं नाही तर त्या दिवशी कोणता तास असतो, व्हॅनमध्ये कोण शेजारी बसतं, डबा कोण हिसकावतं, बाथरूम वापरण्यासारखं आहे का, हे विचारा. आरोप न करता, भाजी निवडताना विचारा. शिक्षकांनी मारणं किंवा मानसिक त्रास देणं हे कायद्याने बंद आहे; तसं काही कळलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. मुलाला कुणाकडून धोका असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मन खचलेलं, घाबरलेलं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

मुलींच्या बाबतीत दर महिन्याचे एक-दोन दिवस. वडील अर्जात ‘पोटदुखी’ लिहितात, आम्ही समजून घेतो. पण वर्षाला असे पंधरा-वीस दिवस जातात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पाळी इतकी दुखत असेल की मुलगी उठू शकत नाही, तर ते ‘असतंच’ म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. आणि शाळेत पाणी नाही, कडी नाही, पॅड टाकायला जागा नाही म्हणून ती घरी राहत असेल तर तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचा विषय आहे.

आजार लांबला तर

सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मधुमेह, फिट्स, कॅन्सर, किडनीचे आजार. अशा मुलांची गैरहजेरी तुकड्यातुकड्यांनी होते, आणि प्रत्येक वेळी नव्याने अर्ज-खुलासा करत बसण्यात घरचे दमतात. वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांकडे एक सविस्तर पत्र द्या: आजार, डॉक्टरांचं नाव, दर किती दिवसांनी दवाखाना, शाळेत त्रास झाला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं आणि कुणाला फोन. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार भागांतल्या शिक्षकांना सिकलसेलचं मूल थंडीत किंवा पाणी कमी प्यायल्यावर कसं कळवळतं हे माहीत असतं. शहरातल्या शाळेत ते समजावून सांगावं लागतं.

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवलं तर परीक्षेत सवलती मागता येतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलांना सीबीएसई परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी नेऊ देते; इतर मंडळांच्या शाळांनीही मुख्याध्यापकांमार्फत आधीच लेखी विचारून ठेवावं. काही कमी ऐकू येतंय, दृष्टी अधू आहे, हृदयाची शंका आहे असं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत शाळेतच निघालं, तर पुढच्या मोफत उपचारांची वाट तिथूनच सुरू होते. तो कार्यक्रम २०१३मध्ये पालघरहूनच सुरू झाला होता. तपासणीच्या दिवशी मूल हमखास हजर ठेवा.

बोर्डाच्या परीक्षेतच आजारपण आलं तर काय, हा प्रश्न दर मार्चमध्ये येतो. राज्य मंडळात तोंडी-प्रात्यक्षिक बुडालं तर लेखी परीक्षेनंतर ‘आऊट ऑफ टर्न’, म्हणजे ते मागाहून देण्याची, संधी असते. त्यासाठी शाळेला त्याच दिवशी कळवा आणि कागद द्या. लेखी पेपर बुडाला तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे. वर्षभर येणंच शक्य नसेल तर शाळेतून नाव काढून १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, मात्र त्या अर्जांच्या तारखा ठरलेल्या असतात. नाव काढण्याआधी मुख्याध्यापकांशी आणि डॉक्टरांशी एकत्र बसून बोला, कारण दाखला एकदा काढला की परत फिरणं सोपं नसतं.